तुमची लस कुठली, तुमची लाट कधीची?

आंबटचुका:
रेशनकार्ड शोधताना लॅमिनेट केलेलं कोरोना लसीचं सर्टिफिकेट हातात आलं. आम्ही ठाणेकर, पण केंद्र वाडा तालुक्यातलं! मे २०२१ चा पहिला आठवडा, १८ च्या वरच्यांना नुकतंच खुलं झालेलं. ठाण्यात स्लॉट दिसायचा आणि ओटीपी येईपर्यंत गायब. तिथल्या आरोग्य केंद्राबाहेर सगळ्या ठाण्याच्या, एमएच-०४ च्या गाड्या. गावातले एक आजोबा पारावरून म्हणाले, "आमच्या वाटची संपवूनच जा." तेव्हा हसले होते मी. तुमच्याकडे काय होतं?

वऱ्हाडी ठेचा:
अमरावती. फेब्रुवारीत आम्ही लॉकडाऊनमध्ये अन् पुण्याचा भाऊ लग्नाचे फोटो टाकून राह्यला होता. एप्रिलमध्ये त्याचाच फोन, "दादा, बेड बघ ना." अबे, पुण्यातला बेड मी इथून कसा बघू?

रंकाळा_काठ:
आमचं उलटंच. ४५ च्या वरच्यांनी एप्रिलमध्येच रांगा लावून लस घेतली, कोल्हापूर पुढं. आणि जूनमध्ये मुंबई उघडायला लागली तेव्हा आम्ही निर्बंधांच्या चौथ्या स्तरात, दुकानाला कुलूप. पाहुणे विचारायचे, लस घेऊन केसेस कशा? अवो, लाटच आमच्याकडं उशिरा आली, आणि तरण्या पोरांना लस होती कुठं?

खारी बिस्कीट:
वाड्याला गेलीस आणि कोलम आणलास की नाही?

आशाची लेक:
हिंगोली. आई आशा सेविका. नोव्हेंबरात पंतप्रधानांच्या बैठकीत निम्म्यांनाही पहिला डोस न मिळालेल्या जिल्ह्यांत आमचं नाव आलं आणि आईचा फोन थांबेना. कोविशिल्डची कुपी फोडली की चार तासांत दहा जण पाहिजेत. सात जमायचे, उरलेल्या तिघांसाठी आई सोयाबीनच्या खळ्यावर. एका मावशीनं "लस घेतली की दोन वर्षांत माणूस जातो" म्हणून दार लावलं. आई ओट्यावर बसून तिची मेथी निवडत राहिली. जुडी संपल्यावर मावशीनं दंड पुढं केला. अजून ठणठणीत आहे, परवा लोणचं पाठवलं. (लिहिते नंतर, कुकर झाला.)

निवांत:
औरंगाबादला तेव्हा पेट्रोलसाठी सर्टिफिकेट मागायचे. आमच्या ह्यांनी घाईत पीयूसीचं दाखवलं.

वऱ्हाडी ठेचा:
@निवांत 😂 मग भेटलं का पेट्रोल?

निवांत:
छे! गाडी ढकलत घरी.

आंबटचुका:
@खारी बिस्कीट आणला गं, पाच किलो. भावही केला नाही, त्या आजोबांच्या लाजेनं.

खारी बिस्कीट:
जुना होता का? नवा चिकट होतो.