सेप्टिक शॉकमध्ये बाबांना स्टेरॉइड दिलंय, बंद करायला सांगू का?

सातारची लेक:
बाबा ६४ वर्षांचे, जुना डायबेटिस. मुतखडा अडकला, इन्फेक्शन रक्तात गेलं आणि बीपी एकदम पडलं. रात्रीच मूत्रमार्गात स्टेंट (लघवीची वाट मोकळी करणारी नळी) टाकला, अँटिबायोटिक चालू आहे. नॉरॲडचा (बीपी वाढवणारं औषध) पंप वाढवूनही बीपी टिकेना, म्हणून पहाटे हायड्रोकॉर्टिसोन हे स्टेरॉइड सुरू केलं, दर ६ तासांनी ५० मिलिग्रॅम. दुपारी शुगर ३१०! काका म्हणतात, कोविडात शेजारच्यांना स्टेरॉइडनेच काळी बुरशी झाली, आत्ताच बंद करायला सांग. काय करू?

आयसीयूतली डॉक्टर:
ताई, बंद करायला सांगू नका. काकांची भीती खोटी नाही. २०२१ मध्ये म्युकरचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, पेशंट मी स्वतः पाहिलेत, बहुतेकांची शुगर हाताबाहेर गेलेली होती. पण इथे कारण वेगळं आहे. शॉकमध्ये रक्तवाहिन्या सैल पडतात आणि नॉरॲडला दाद देत नाहीत. हायड्रोकॉर्टिसोनने ती दाद परत येते. दिवसाला २०० मिलिग्रॅम हाच ठरलेला डोस आहे. १९८०च्या दशकात किलोमागे ३० मिलिग्रॅम मिथाइलप्रेडनिसोलोन हे दुसरं स्टेरॉइड देऊन पाहिलं होतं. १९८७ च्या चाचण्यांत त्याचा फायदा दिसला नाही, तेव्हा तो प्रकार मागे पडला.

जीव वाचतो का, यावर मात्र अजून एकमत नाही. २०१८ मध्ये दोन मोठ्या चाचण्या आल्या. 'ॲड्रिनल'मध्ये सुमारे ३,८०० रुग्ण होते. ९० दिवसांतले मृत्यू स्टेरॉइड घेणाऱ्यांत २७.९ टक्के, न घेणाऱ्यांत २८.८, म्हणजे जवळपास सारखेच. पण स्टेरॉइड घेणारे शॉकमधून लवकर बाहेर आले. फ्रान्समधल्या चाचणीत जोडीला फ्लुड्रोकॉर्टिसोन हे आणखी एक स्टेरॉइड होतं, रुग्णही जास्त गंभीर होते. तिथे मृत्यू न घेणाऱ्यांत ४९.१ टक्के, तर घेणाऱ्यांत ४३ टक्के असा फरक पडला. बाबांचं इन्फेक्शन मुळात स्टेंट आणि अँटिबायोटिकनेच आटोक्यात येणार. स्टेरॉइड तोवर बीपी सावरायला मदत करतं.

कोल्हापूरकर:
आमच्या चुलत्यांना दिलं होतं, तरी गेले. सगळं हरल्यावर शेवटचा उपाय म्हणून देतात ना?

आयसीयूतली डॉक्टर:
दादा, चुलत्यांचं ऐकून वाईट वाटलं. पण शेवटचा उपाय म्हणून नाही देत. नॉरॲड किलोमागे मिनिटाला ०.२५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून जास्त लागतंय आणि ४ तास झाले तरी गरज कमी होत नाही, की आम्ही सुरू करतो. २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात.

सातारची लेक:
आणि शुगर?

आयसीयूतली डॉक्टर:
ती वाढणारच, त्यात डायबेटिस. इन्सुलिन शिरेतून पंपावर चालू आहे का, ते विचारा. शॉकमध्ये त्वचेखाली दिलेलं नीट शोषलं जात नाही. अजून एक, हातपाय गार असताना बोटाच्या थेंबावरचा आकडा फसवू शकतो. आर्टरी लाइन (धमनीत घातलेली नळी) असेल तर त्यातल्या रक्तावर शुगर तपासतात का, हेही बघा. १८० च्या आत आली की पुरे, अगदी नॉर्मल करण्याच्या नादात ती खूप खाली गेली तर जास्त धोका. रक्तातल्या सोडियमवरही लक्ष ठेवायला हवं.

सातारची लेक:
विचारलं. इन्सुलिन पंपावरच आहे. संध्याकाळी नॉरॲड १२ वरून ८ वर आणलंय, लघवीही सुटलीय. काकांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं.

आयसीयूतली डॉक्टर:
छान. नॉरॲड पूर्ण सुटलं की स्टेरॉइड थांबवतील. त्यानंतरचा दिवसभर बीपीवर नजर ठेवतील ना, एवढं विचारून घ्या, काही वेळा ते पुन्हा उतरतं.