मदत हवी आहे : चिडवाचिडवीवर गोष्टी आणि हस्तकला सुचवा

नमस्कार मंडळी. माझ्याकडे पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग आहे. एक मुलगा बोलताना अडखळतो आणि काही जणांनी त्याची नक्कल करण्याचा खेळच केलाय. बाकीची हसतात. मला जास्त काळजी या हसणाऱ्यांची आहे. नक्कल करणाऱ्यांशी बोलता तरी येतं, पण हसणाऱ्यांना आपण काही केलंय असं वाटतच नाही.

चिऊ-काऊची गोष्ट घेतली. शेणाचं घर वाहून गेलेला काऊ पावसात भिजतोय आणि चिऊ आपली 'थांब, माझ्या बाळाला तीट लावते' म्हणत दारच उघडत नाही. या विषयाला ती उलटीच पडते! म्हणून मुलांनाच शेवट बदलायला लावला. एकीच्या चिऊने दार उघडून आधी टॉवेल दिला. हे मात्र छान जमलं.

कागदी हृदय चुरगाळून 'सुरकुत्या जात नाहीत' हे दाखवायचा प्रयोग फसला. सगळ्यांना चुरगाळण्यातच मजा.

तर बघणारं कुणीतरी पुढे होऊन 'हे बास कर' म्हणतं, अशी छोटी गोष्ट कुणाकडे आहे का? जुन्या मोज्यांच्या किंवा काडेपेटीच्या बाहुल्या करून ती खेळता यावी. घोटीव कागद, खळ, आइस्क्रीमच्या काड्या वर्गात आहेत, त्यापलीकडे खर्च नको.

आणि अडखळणारं पात्र बाहुलीनाट्यात ठेवावं का? की त्याने सगळ्यांच्या नजरा पुन्हा त्याच मुलाकडे वळतील? या वयाच्या मुलांना शिकवणाऱ्यांनी जरूर सांगा.