व्हिलेज व्हॅनगार्ड, २५ जून १९६१: टिकले ते वादन की त्याची आख्यायिका?

खर्जप्रेमी (धागालेखक)
न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजमधील ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’ या तळघरातील क्लबात त्या रविवारी पियानोवादक बिल एव्हान्स, डबल बेस (खर्जाचे मोठे तंतुवाद्य) वाजवणारा स्कॉट लफारो आणि ड्रमवादक पॉल मोशियन यांनी दिवसभरात पाच सत्रे वाजवली. रिव्हरसाइड कंपनीचे निर्माते ऑरिन कीपन्यूज यांनी ती ध्वनिमुद्रित करवून घेतली आणि त्यांतून ‘संडे अ‍ॅट द व्हिलेज व्हॅनगार्ड’ व ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ या दोन तबकड्या निघाल्या. जॅझकडे नव्याने वळणाऱ्याला आजही बहुधा हेच वादन आधी ऐकवले जाते, आणि ते मला योग्य वाटते. त्या काळच्या बहुतेक पियानो त्रयींत बेसवादकाने मात्रेमागून मात्रा भरत राहावे, एवढीच अपेक्षा असे. लफारो मात्र पियानोचे वाक्य पुरे होण्याआधीच त्याला उत्तर देतो, वरच्या स्वरांत जाऊन स्वतःची ओळ धरतो, कित्येक मात्रा मोकळ्या सोडतो. तरीही लय सुटत नाही, कारण ती कोणा एकावर सोपवलेलीच नाही; तिघांचा हक्क समान आहे.

शंकेखोर
हे सारे खरे मानले, तरी त्यासाठी व्हॅनगार्डला जाण्याची गरज नाही. याच तिघांनी फेब्रुवारी १९६१ मध्ये स्टुडिओत ‘एक्स्प्लोरेशन्स’ मुद्रित केले होते. तेथेही हाच संवाद आहे. मग त्याची शिफारस इतक्या हिरिरीने का होत नाही? कारण उघड आहे: व्हॅनगार्डनंतर अकराच दिवसांनी, ६ जुलैला, लफारो मोटार अपघातात गेला. वय अवघे २५. पहिल्या तबकडीतील निवडही त्याचा बेस ठळक व्हावा अशा बेताने झाली आणि तिची सुरुवात व शेवट त्याच्याच रचनांनी केला गेला. आपण श्रद्धांजली ऐकतो आणि तिला वादनाचे श्रेय देतो. त्यात पेल्यांची किणकिण आणि मागची कुजबूज मिसळली, की ‘अस्सल वातावरण’ तयारच!

खर्जप्रेमी
आख्यायिका माणसाला तबकडीपर्यंत आणते, पण पुनःपुन्हा ऐकायला लावत नाही. शिवाय निवड मृत्यूनंतर झाली असली, तरी वादन आधीचे आहे. त्या रविवारी कोणी शोक वाजवत नव्हते. स्टुडिओची तबकडी बहुधा निवडलेले एकच वादन हाती देते. येथे ‘ऑल ऑफ यू’ एकाच दिवसात तीनदा वाजवलेले उपलब्ध आहे. ती तिन्ही वादने लागोपाठ ऐकावीत: चाल तीच, पण बेस कोठे बोलतो आणि कोठे वाट पाहतो, हे दर वेळी नव्याने ठरते. २००५ साली संपूर्ण ध्वनिमुद्रण तीन सीडींच्या संचात निघाले, त्याचे मोल मला याच कारणासाठी वाटते.

विलंबित
दोघांनीही ‘माय फूलिश हार्ट’ बाजूला ठेवलेले दिसते, आणि ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’चा आरंभ तर त्यानेच होतो. तेथे ना वाद ना संवाद. बेस मोजके, खोल, लांबणारे स्वर देतो, मोशियन ब्रशने झांजेवर जेमतेम हालचाल ठेवतो आणि एव्हान्स मूळ चालीपासून फारसा दूर जात नाही. समान हक्काच्या त्रयीचा सिद्धान्त या वादनाला लावताच येत नाही. माझ्या मते खरे आकर्षण श्रोत्यांच्या बेफिकिरीत आहे. आपल्या मैफिलीत जागेवर मिळालेली दाद गायकाला पुढची जागा सुचवते. येथे लोक गप्पा मारत आहेत आणि त्यामुळे कोणालाही काही सिद्ध करून दाखवायचे नाही.

शंकेखोर
म्हणजे लक्ष न देणाऱ्यांसाठी वाजवलेले संगीत आज उपाहारगृहांत लक्ष न देणाऱ्यांनाच ऐकवले जाते. (हे खवचटपणे लिहितो आहे, पण अगदीच खोटे नाही.) लोकप्रियतेचे एक कारण हा मवाळपणाही असणार, तो गुण मानावा का, याविषयी मी साशंक आहे.

खर्जप्रेमी
मवाळपणाचा आरोप करण्यापूर्वी त्याच तबकडीच्या शेवटचे, ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांची रचना असलेले ‘माइलस्टोन्स’ ऐकावे. तेथे लफारो एव्हान्सला क्षणभरही स्वस्थ बसू देत नाही. विलंबित यांचा आक्षेप अधिक वजनदार आहे, पण ‘माय फूलिश हार्ट’मधील बेसचे मौन मला समान हक्काच्या विरुद्ध वाटत नाही. ज्याला केव्हाही मध्ये बोलण्याची मुभा आहे, तोच येथे गप्प राहणे पसंत करतो. निव्वळ साथीला बसवलेल्या वादकाला ही निवड नसतेच.