‘नाही म्हणवत नाही’ : निष्ठा, भीड की मिंधेपण?

आडवाट :
कोकणातल्या निवडणुकीवरचा कुठलाही लेख काढा, ‘निष्ठावंत मतदार’ लगेच भेटतो. ज्यांच्या काळात रापणीला (किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याला) मासळी राहिली नाही, बाग पडल्यावर भरपाई हातात दोन-अडीच हजार आली, महामार्ग दहा-पंधरा वर्षं खणलेलाच राहिला, त्यांनाच पुन्हा मत देणारा खलाशी, बागेतला गडी, काजू फॅक्टरीतली बाई. या नात्याला निष्ठा म्हणायचं का? मिंधेपण, लाचारी, भीड, इमान असे बरेच शब्द जवळपास फिरताना दिसतात. नेमका कुठला, आणि लोक बोलताना खरोखर कुठला वापरतात? ‘अडाणीपणा’ हे उत्तर नको, ते दिवाणखान्यात बसून कुणीही देतं.

मोडीवाचक :
आधी घराणी बघू. ‘निष्ठा’ संस्कृत, नि + स्था, म्हणजे एका जागी घट्ट उभं राहणं. यात देणंघेणं अध्याहृत नाही. उलट काही मिळत नसताना उभा राहतो तोच निष्ठावंत. ‘इमान’ अरबी, मूळ अर्थ श्रद्धा. मराठीत ते खाल्ल्या मिठाशी बांधलं गेलं, म्हणजे त्यात आधी काहीतरी खाल्लेलं असावं लागतं. ‘लाचार’ फारसी, ला + चारा, ज्याला दुसरा इलाजच नाही तो. आज आपण तो शब्द स्वभावाला लावतो, मूळ अर्थ मात्र परिस्थितीचा आहे. हा फरक पुढे उपयोगी पडेल. ‘अंकित’ म्हणजे खूण केलेला.

आता गंमत बघा. हे शब्द कोण कुणाबद्दल वापरतो? ‘मी निष्ठावंत आहे’ असं माणूस स्वतःबद्दल खुशाल म्हणतो. ‘अंकित’, ‘हुजऱ्या’ हे कायम दुसऱ्याला. आणि ‘मिंधा’ स्वतःला लावला तर जवळजवळ नेहमी नकारात : ‘मी कुणाचा मिंधा नाही.’ म्हणजे नातं एकच असलं तरी बोलणारा बदलला की शब्द बदलतो. तेव्हा ‘नेमका शब्द कुठला’ याआधी ‘कुणाच्या तोंडचा’ हे विचारायला हवं.

सुपारीबाग :
व्युत्पत्तीनं थोडंच कळेल. एक हिशोब मांडतो.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मुरूड, इकडे मंडणगड, दापोली, सुपारीच्या बागा काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या. बागायतीला भरपाईचा दर वाढवून हेक्टरी ५०,००० रुपये केला, मर्यादा दोन हेक्टर. आकडा ऐकायला बरा. पण तिथल्या बागा हेक्टरात नाहीत, गुंठ्यांत आहेत. पाच गुंठ्यांची बाग धरा. हेक्टरचे साधारण शंभर गुंठे, म्हणजे २,५०० रुपये. सुपारी नऊ-नऊ फुटांवर लावली तर पाच गुंठ्यांत पासष्ट-सत्तर पोफळी बसतात. एका पोफळीला झाले ३५-४० रुपये. नवी लावली तर धरायला पाच ते सात वर्षं. झाडामागे भरपाई द्या ही मागणी यातूनच आली. त्यात सातबारावर वीस-पंचवीस सामायिक नावं, निम्मे वारस मुंबईत, कुणाची नोंद झालेली नाही. पैसे एकाच्या खात्यावर हवे तर बाकीच्यांची संमती आणा. वारस नोंद घालायची तर अर्ज, मग नोटिशीचे पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी, आणि एखाद्या चुलत्यानं हरकत घेतली की तक्रार नोंदवहीत.

हे झालं धोरण. आता दुसरी बाजू. छप्पर उडालेल्या घरावर पहिल्या आठवड्यात टाकायला दहा पत्रे आणि ताडपत्री कुणीतरी टेम्पोतून आणून दिली. ते कुणी, हे वाडीत पोरालाही ठाऊक असतं.

बोलताना काय म्हणतात ते ऐका. ‘भरपाईत नाव बसलं नाही.’ ‘पैसे आले नाहीत.’ ‘प्रकरण रखडलं.’ आणि : ‘भाऊंनी पत्रे दिले.’ पहिल्या तिन्ही वाक्यांत करणारा कुठे आहे?

मोडीवाचक :
वा! माझ्या पहिल्या उत्तराहून हे बरंच पुढचं आहे. नुकसानाची क्रियापदं सगळी अकर्मक : बसणं, अडकणं, रखडणं, बुडणं. उपकाराची सगळी सकर्मक, आणि कर्त्याला ठसठशीत ‘-नी’ : साहेबांनी काम केलं, दादांनी गाडी सोडली, ताईंनी शब्द टाकला. हेक्टरी दर ठरवणारा तोच माणूस असला, निदान त्याला हात वर करणारा असला, तरी वाक्यात तो एकाच जागी दिसतो.

बोलणारा फसलेला असतो असं मला वाटत नाही. दर कोण ठरवतं ते त्याला विचारलं तर सांगेल. पण रोजच्या बोलण्यात हिशोब या साच्यात पडतो.

दर्याकाठ :
मच्छीमारीत तर एकाच पैशाबद्दल दोन्ही क्रियापदं लागतात. डिझेल परतावा घ्या. नौकामालक संस्थेच्या पंपावर कर धरून पूर्ण पैसे मोजतो. विक्रीकराचा भाग नंतर परत मिळायचा असतो. संस्था प्रस्ताव करते, तो मत्स्यव्यवसाय खात्यात जातो, तरतूद असेल तसा पैसा येतो. तरतूद कमी पडली की थकतो. हा पैसा नौकामालकाचाच, त्यानं आधी भरलेला. बंदरावर मात्र बोलणं असं : ‘परतावा अडकलाय’, आणि मग ‘साहेबांनी परतावा सोडवला’. आपलेच पैसे उशिरा मिळाले आणि वर उपकार झाला. मिंधेपण कसं तयार होतं याचा याहून सरळ नमुना मला माहीत नाही.

दुसरा शब्द ‘उचल’. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्या दोन महिन्यांत खलाशाला चूल पेटवायला मालकाकडून उचल घ्यावी लागते, ती पुढच्या हंगामात फिटते. उचल घेतलेला खलाशी हंगामाच्या मध्ये दुसऱ्या नौकेवर जात नाही. मनात असलं तरी जाता येत नाही. त्याला कुणी ‘मालकनिष्ठ’ म्हणालं तर जेटीवर हशा पिकेल. मग मतदानाच्या बाबतीतच निष्ठा का म्हणायचं?

आणि रापणीच्या मासळीचा प्रश्न आला की पर्ससीनचं, म्हणजे यांत्रिक नौकेवरून मासळीचा थवाच वेढणाऱ्या जाळ्याचं, नाव निघतं : ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानं तिच्यावर निर्बंध आले, हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच. २०२१ मध्ये कायदा बदलून दंड लाखांत नेला. कागद रापणवाल्याच्या बाजूचा आहे, गाडं अडतं अंमलात. गस्तीनौका आली का, पकडलेली नौका सुटली कशी, हे फोनवर ठरतं. म्हणून मच्छीमार कायदा करणाऱ्यापेक्षा फोन करणाऱ्याला धरून राहतो. बाहेरून हे हिताविरुद्ध दिसतं. आतून बघितलं तर ज्या दारातून काही निघतं ते एकच दार आहे.

मोडीवाचक :
म्हणजे ‘लाचार’, पण मूळ अर्थानं. चारा नाही.

यादी भाग क्रमांक :
यात एक गोष्ट राहते. मत गुप्त असतं, मग मिंध्या माणसानं आत जाऊन दुसरं बटण का दाबू नये? १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ९४ सांगतं की कुणाला मत दिलं हे सांगायला कुणालाही भाग पाडता येत नाही. एका माणसाचं मत खरंच गुप्त राहतं. वाडीचं राहत नाही.

मतपत्रिकांच्या काळात मोजणीआधी वेगवेगळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एकत्र मिसळता येत. यंत्र आल्यावर प्रत्येक केंद्राचा आकडा वेगळा निघतो, नमुना २० या निकालपत्रकात केंद्रवार छापला जातो. अनेक यंत्रांची बेरीज एकदम दाखवणारं जोडयंत्र वापरावं असा प्रस्ताव निवडणूक आयोगानं २००८ मध्ये दिला होता, तो अमलात आलेला नाही. देशावरच्या मोठ्या गावात याचा फारसा त्रास नाही. कोकणात वस्ती विखुरलेली, एका केंद्राला दोन-तीन वाड्या. मतदान चारशे-पाचशे. तिथे ‘वरच्या वाडीनं दगा दिला’ हे दुपारपर्यंत तालुक्याला कळतं. मग पाखाडी (पायऱ्यांची वाट), विहिरीचा गाळ, साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) हे सगळं पुढची पाच वर्षं ‘बघू’वर जातं.

म्हणून ‘शब्द’ वाडी देते, एकटा माणूस देत नाही. ‘वाडीनं शब्द दिलाय.’ कधी देवळात नारळ ठेवून, गाऱ्हाणं (देवाला साकडं) घालून. देवाचा कोप होईल असं सांगून मत मागणं त्याच कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे भ्रष्ट आचार आहे. पण गाऱ्हाण्यात तसं कुणी म्हणत नाही, नुसता नारळ ठेवतात. बाकीचं ज्याचं त्याला कळतं.

आडवाट :
मग माझ्या यादीत ‘भीड’ वर सरकते. भीड भिकेची बहीण म्हणतात ती उगाच नाही. पण ‘भीड’ म्हणजे भीती नव्हे ना?

मोडीवाचक :
नव्हे. भीती शिक्षेची असते, भीड समोरच्या तोंडाची. क्रियापदं बघा : भीड वाटते, भीड पडते, भीड घालतात, भीड मोडत नाही, भीड चेपते. ‘भीड घालणे’ म्हणजे ज्याला नाही म्हणता येणार नाही असा माणूस मध्यस्थ पाठवणे. प्रचारात उमेदवार स्वतः दारात न येता मावशीच्या दिराला पाठवतो, ती ही भीड घालणं.

आणि यालाच चिकटून मराठीचं ते ‘-वत नाही’ रूप येतं. ‘त्यांना नाही म्हणवत नाही.’ मालवणीत ‘त्येंका नाय म्हणवणा नाय’. व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात. जसं आजाऱ्याला चालवत नाही, जेवलेल्याला खाववत नाही. कर्ता ‘मी’ राहत नाही, ‘मला’ होतो. ‘मी नाही म्हणत नाही’ म्हणजे मी ठरवलंय, हा निष्ठावंत. ‘मला नाही म्हणता येत नाही’ म्हणजे वाट बंद, हा लाचार. ‘मला नाही म्हणवत नाही’ म्हणजे वाट उघडी आहे, कळतंही सगळं, पण आतून होत नाही. हा भिडेतला. तिघांचं बटण एकच, मत एकच, पण उद्या कोण फुटेल याचं उत्तर तिघांचं वेगळं.

अर्धेल :
इथपर्यंत छान, पण आता गाडी ‘कोकणी माणूस मुळातच भिडस्त’ या स्टेशनावर जाणार, म्हणून लाल निशाण दाखवतो. खोतीत, म्हणजे खोत या जमीनदाराच्या अमलात, जिथे अर्धं भात मक्त्याला (खंड म्हणून) जायचं, वर वेठ (फुकट राबणं), तिथे मिंधेपण आजच्यापेक्षा कितीतरी घट्ट होतं. तरी अलिबागजवळच्या चरीला १९३३ साली कुळांनी खोतांच्या जमिनी कसायचं बंद केलं आणि १९३९ पर्यंत रेटलं. नारायण नागू पाटील पुढारी. सहा वर्षं शेतावर पाय नाही! १९३७ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक मुंबई विधिमंडळात मांडलं. कायदा १९४९ चा. तेव्हा भीड गेली कुठे? गेली, कारण वाड्या एकत्र होत्या आणि विरोधात उभं राहायला संघटना होती. एकट्याच्यानं ‘म्हणवत नाही’, पंचवीस गावांच्यानं म्हणवतं.

‘निष्ठा’ शब्दही मी काढून टाकणार नाही. राजापूर मतदारसंघानं १९५७ पासून बॅ. नाथ पै आणि नंतर १९९१ पर्यंत मधू दंडवते यांना लोकसभेत पाठवलं. गरीब, मनीऑर्डरवर जगणारा मतदारसंघ आणि खासदार बहुतेक काळ विरोधी बाकावर. त्यांच्याकडून मतदाराला वैयक्तिक काय मिळायचं? तिथे ‘निष्ठा’ हाच शब्द बसतो. आजच्यांना तो लावताना हे माप समोर ठेवा.

एक गोष्ट आणखी. अल्बर्ट हर्शमन या अर्थतज्ज्ञानं १९७० मध्ये मांडलं की नाराज माणसापुढे वाटा दोन, निघून जाणं किंवा आवाज उठवणं, आणि निष्ठा ठरवते की तो यातलं काय करील. आपल्याकडे पहिली वाट कायम उघडी होती, तिचं नाव ‘चाकरमानी’. जो सर्वांत आधी नाराज झाला असता तो तरणा माणूस गिरणीत गेला. आवाज त्यानं तिथे उठवलाही, १८ जानेवारी १९८२ चा संप त्याचाच. गावात मागे राहिले ते म्हातारे आणि बायका, ज्यांना निराधारची पेन्शन, दवाखान्याची गाडी आणि दाखला लागतो. दंड थोपटणारा मुंबईत आणि गरजवंत गावात, हे निष्ठेचं नाही, वस्तीचं गणित आहे.

सुपारीबाग :
अर्धेलरावांचं मान्य. दोन शब्दांची भर घालतो. ‘लाभार्थी’ : विद्यार्थी, शरणार्थी यांतला अर्थी, म्हणजे मागणारा, इच्छा धरणारा. ज्याला कायद्यानं मिळायचं तो खरं तर ‘हक्कदार’. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो धान्य हा हक्क आहे, पण तो घेणाराही कागदावर लाभार्थीच. आणि २०२४ पासून महिना दीड हजार रुपये मिळतात ते ‘लाडक्या बहिणी’ला, म्हणजे नातंही शासनानंच ठरवून दिलं. ओवाळणी परत करायची नसते, पण भावाविरुद्ध बोलायचंही नसतं.

दर्याकाठ :
दुसरा शब्द?

सुपारीबाग :
‘यांच्या’. कुठल्याही पाखाडीच्या तोंडाशी फलक बघा : ‘मा. आमदार अमुक अमुक यांच्या स्थानिक विकास निधीतून.’ वर्षाला पाच कोटींचा हा निधी सरकारी तिजोरीतला, पण षष्ठी लागते ती माणसाला. पाखाडीच्या पायऱ्या दोन पावसाळ्यांत निखळतात. तेव्हा म्हणतात, ‘चिरा सुटला’.