‘पझेशन’ला ताबा म्हणावं का? (बास्केटबॉल)

टिळकवाडीकर: शालेय सामन्यांसाठी नियमांचं मराठी पत्रक करतोय. ‘पझेशन’ला काय घ्यावं: कब्जा, ताबा की कन्नडातलं स्वाधीन? चेंडू तेवढा दोन्ही भाषांत एकच, बाकी सगळा घोळ.

खानापूरकर: कब्जा जमिनीला राहू द्या. स्वाधीन म्हटलं की मराठीत सोपवून दिल्यासारखं वाटतं. ताबाच बरा, फक्त खेळाडूचा की संघाचा, ते दरवेळी लिहा. पास हवेत असताना चेंडू कुणाच्याच हातात नसतो, तरी संघाचा ताबा चालू असतो. बचाववाल्याचं बोट लागून चेंडू रेषेबाहेर गेला तरी ताबा तुटत नाही. शॉट क्लॉकवर, म्हणजे शॉट मारायला उरलेले सेकंद मोजणाऱ्या घड्याळावर, ७ होते तर ७ वरूनच पुढं. टेबलावरचा घड्याळवाला सवयीनं पूर्ण २४ लावतो आणि भांडण तिथंच पेटतं.

निपाणीकर: शॉट मारला की ताबा संपतो न्हवं? मग घड्याळ?

खानापूरकर: ताबा संपतो, घड्याळ नाही. चेंडू रिंगला लागून त्याच संघाला परत मिळाला तर १४, दुसऱ्याला मिळाला तर २४. नुसता रिंगमागच्या फळ्याला लागून त्याच संघाकडं आला तर आहे तेच सेकंद. आणि ‘शॉट क्लॉकचा भोंगा वाजला की खेळ थांबतो’ असं पत्रकात अजिबात लिहू नका. भोंग्याआधी हातातून सुटलेला चेंडू नंतर रिंगला लागला तर खेळ चालू. रिंग चुकली तर नियमभंग. पंच बोटांनी खांद्यावर थापटतात. पण समोरच्यानं तो लगेच नि स्पष्टपणे पकडला, तर पंच शिट्टी गिळतात. थांबवलं तर त्याचाच पळता हल्ला मोडेल.

टिळकवाडीकर: आणि दोघांनी धरलेला चेंडू? ‘ओढाताण’ लिहू का?

खानापूरकर: नको, ओढाताण व्हायच्या आत शिट्टी हवी. ‘दोघांच्या पकडीतला चेंडू’ लिहा. पंचानं वर टाकलेल्या चेंडूसाठी उडी फक्त सामना सुरू होताना, पुढं चेंडू कुणाला ते दाखवणारा टेबलावरचा बाण. त्याला ‘पाळीचा बाण’ म्हणा की, उसाच्या पाण्यानं पाळी सगळ्यांना शिकवलीय. ताबा असलेल्या संघाचीच पाळी आली तर उरलेले सेकंद. दुसऱ्याची आली तर नवी मोजणी: चेंडू त्याच्या मागच्या (स्वतःच्या रिंगकडच्या) अर्ध्यात टाकायचा असेल तर २४, पुढच्या अर्ध्यात १४.

निपाणीकर: बाण शिट्टीबरोबर फिरवायचा?

खानापूरकर: न्हाई ओ. बाहेरून टाकलेल्या चेंडूला मैदानातल्या खेळाडूचा हात लागला, की मग. त्याआधी फाउल झाला तर पाळी खर्ची पडत नाही, बाण आहे तिथंच.