हायड्रोजन एरियात एटेक्स, आयईसीईएक्स आणि अमेरिकन डिव्हिजनचा माल मिक्स चालतो का?

केबलट्रे

नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. मी इलेक्ट्रिकल डिझाइनला आहे, एका कंप्रेसर स्किडचं (एकाच फ्रेमवर बसवलेला सगळा संच) काम चालू आहे. गॅसमध्ये हायड्रोजन आहे आणि एरिया क्लासिफिकेशनच्या (कुठे किती वेळा स्फोटक गॅस असू शकतो ते दाखवणाऱ्या) ड्रॉइंगवर झोन १ (म्हणजे गॅस अधूनमधून; झोन ० मध्ये सतत, झोन २ मध्ये क्वचित), ग्रुप टू-सी (हायड्रोजनचा गट), टी३ (पृष्ठभागाच्या तापमानाचा वर्ग) असं लिहिलंय. व्हेंडरने तीन तऱ्हेचा माल पाठवलाय. सोलेनॉइड व्हॉल्व्ह आयईसीईएक्सचा (आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेशन), नेमप्लेट ईएक्स डीबी टू-सी टी४ जीबी. लाइट फिटिंग एटेक्सचं (युरोपच्या कायद्याप्रमाणे), त्यावर षटकोनातलं ईएक्स, पुढे टू थ्री जी आणि ईएक्स ईसी टू-सी टी४ जीसी. जंक्शन बॉक्स अमेरिकन, क्लास वन डिव्हिजन वन, ग्रुप सी आणि डी. व्हेंडर म्हणतो तिन्ही एक्सप्लोजन प्रूफच आहेत आणि अमेरिकन बॉक्स तर सगळ्यात भारी, कारण डिव्हिजन वनमध्ये झोन ० पण येतो. आमचे साहेब म्हणतात एटेक्स सगळ्यात कडक, सगळं तेच मागव. नक्की कुठलं वरचढ समजायचं?

फ्लेमपाथ

वरचढ कोण हा प्रश्न आधी बाजूला ठेवा आणि नेमप्लेट वाचा, तुम्ही दिलेल्या माहितीतच उत्तर आहे. सोलेनॉइड चालेल, जीबी म्हणजे झोन १ ला योग्य आणि टी४ म्हणजे पृष्ठभाग १३५ अंशांच्या वर जात नाही, तुम्हाला टी३ म्हणजे २०० पर्यंत चालतं. लाइट फिटिंग झोन १ मध्ये लावूच नका. त्या मार्किंगमधला थ्री म्हणजे कॅटेगरी ३, फक्त झोन २ साठी, जीसी पण तेच सांगतो. आणि कॅटेगरी ३ ला युरोपात बाहेरच्या संस्थेचं सर्टिफिकेट सक्तीचं नाहीये, उत्पादक स्वतःच डिक्लरेशन देऊ शकतो. म्हणजे साहेब ज्याला सगळ्यात कडक म्हणतायत त्याच एटेक्सच्या नावाखाली असाही माल येतो, त्यामुळे नुसतं "एटेक्स पाहिजे" एवढं लिहून ऑर्डर टाकली तर काहीही येऊ शकतं.

बॉक्सचं तर थेट धोक्याचं आहे. अमेरिकन पद्धतीत ए म्हणजे ॲसिटिलीन, बी हायड्रोजन, सी इथिलीन, डी प्रोपेन. तुमचा बॉक्स सी आणि डी, म्हणजे हायड्रोजनसाठी तपासलेलाच नाही. फ्लेमप्रूफ (व्हेंडर ज्याला एक्सप्लोजन प्रूफ म्हणतो तो) बॉक्स आतला स्फोट थांबवत नाही, तो आत होऊ देतो आणि ज्वाला फटीतून बाहेर येता येता थंड करतो. ती ज्वाला बाहेर पडून पेट घेणार नाही अशी जास्तीत जास्त फट प्रोपेनला साधारण ०.९२ मिमी, इथिलीनला ०.६५ आणि हायड्रोजनला ०.२९ मिमी. इथिलीनच्या हिशोबाने बनवलेली फट हायड्रोजनला भरवशाची नाही. क्लास वन डिव्हिजन वन हे शब्द कितीही भारदस्त वाटले तरी ग्रुप चुकला की सगळं चुकलं.

गँगवे७

वरचं सगळं बरोबर, आता थोडं स्टँडर्डवर, कारण इथेच लोक सगळ्यात जास्त गोंधळतात. एटेक्स हा युरोपचा कायदा आहे, उपकरणांसाठी २०१४/३४/ईयू, तो एप्रिल २०१६ पासून लागू झाला, त्याआधी ९४/९/ईसी होता. आयईसीईएक्स हा कायदा नाही, ती आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेशन स्कीम आहे, सर्टिफिकेट ऑनलाइन उघडून कोणीही बघू शकतो, आणि मी तरी प्रत्येक नंबर तिथे टाकून बघितल्याशिवाय माल स्वीकारत नाही. तांत्रिक बाजू दोघांची जवळपास एकच, आयईसी ६००७९ ही स्टँडर्डची मालिका, युरोपात तीच ईएन नावाने वापरतात. म्हणून एकाच नेमप्लेटवर दोन्ही असतात आणि त्या दोघांत भांडण लावण्यात अर्थ नाही.

अमेरिकेचं घराणं वेगळं. तिथला इलेक्ट्रिकल कोड जुन्या क्लास-डिव्हिजनवर चालतो, झोन पद्धत त्यात १९९६ मध्ये आर्टिकल ५०५ म्हणून आली. डिव्हिजन वन एरिया म्हणजे झोन ० आणि १ दोन्ही एकत्र, म्हणून झोन १ साठी केलेला माल डिव्हिजन वनमध्ये आपोआप चालत नाही. पण व्हेंडरने हे उलटं लावलंय. एरियाची व्याख्या रुंद आहे म्हणून बॉक्स झोन ० ला चालतो असं होत नाही, नेहमीचा फ्लेमप्रूफ बॉक्स झोन ० मध्ये कोणी घालत नाही, तिथे सहसा इन्ट्रिन्सिकली सेफ आयए (गॅस पेटवू शकणार नाही इतकी कमी ऊर्जा वापरणारं) लागतं.

केबलट्रे

खूप धन्यवाद दोघांना, लाइट आणि बॉक्स दोन्ही परत पाठवतोय. व्हेंडर आता म्हणतो ग्रुप बी, सी, डी वाला अमेरिकन बॉक्स देतो, मग चालेल ना? आणि आमच्याकडे काही जण म्हणतात हायड्रोजन आहे म्हणजे टी६ (तापमानाचा सगळ्यात कडक वर्ग) च मागा.

फ्लेमपाथ

ग्रुप बी ने हायड्रोजनचा मुद्दा सुटतो, पण तो बॉक्स कंड्युट पाइपच्या पद्धतीसाठी तपासलेला असतो, पाइपमध्ये सील फिटिंग टाकतात म्हणजे स्फोट पुढे जात नाही. तुम्ही त्यात केबल ग्लँड (केबल आत घेऊन घट्ट धरणारं फिटिंग) लावणार, तेही एनपीटी (अमेरिकन) थ्रेडमध्ये एम२० (मेट्रिक) चा ग्लँड ॲडॅप्टर घालून, मग तो ॲडॅप्टर, ग्लँड, न वापरलेल्या होलचा प्लग प्रत्येक गोष्ट टू-सी साठी सर्टिफाइड पाहिजे आणि क्लायंटने आणि तिथल्या तपासणी अधिकाऱ्याने डिव्हिजनचा माल झोनमध्ये लेखी मान्य केला पाहिजे. प्रोजेक्ट झोन पद्धतीचा आहे तर मी सरळ आयईसीईएक्स टू-सी जीबी बॉक्स मागवला असता, डोकं शांत राहतं.

टी६ चा आग्रह सोडा. हायड्रोजनला लहानशी ठिणगीही पुरते पण तो आपोआप पेटायला साधारण ५६० अंश लागतात, टी१ या सगळ्यात सैल वर्गात बसतो. ग्रुप आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ड्रॉइंगवर टी३ आहे तर बहुतेक तुमच्या गॅसमध्ये दुसरं काहीतरी आहे ज्यामुळे तो आलाय, प्रोसेसवाल्यांना विचारून घ्या.

गँगवे७

एक राहिलं, सर्टिफिकेट नंबरच्या शेवटी एक्स अक्षर असेल तर खास अटी आहेत, त्या वाचल्याशिवाय बॉक्स उघडू सुद्धा नका. आणि नेमप्लेटवर आजूबाजूच्या हवेच्या तापमानाची रेंज नसेल तर उणे २० ते ४० अंश धरतात, स्किड उघड्यावर असेल आणि ऊन ४० च्या वर जात असेल तर सोलेनॉइडची प्लेट पण परत एकदा बघा.