ग्रुप राइडला फक्त एकाच कंपनीच्या गाड्या, हे बरोबर आहे का?

घाटवेडा, नाशिक

आमचा नाशिकचा ग्रुप कॉलेजपासूनचा. त्र्यंबक, कसारा घाट, भंडारदरा, सगळं एकत्र फिरलोय. बाकीच्या पोरांकडे रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५० आहे, तिलाही सगळे बुलेटच म्हणतात. मी दिवाळीत बजाजची डॉमिनार ४०० घेतली, स्वतःच्या पगारातून, हप्त्यावर.

आता भंडारदऱ्याच्या काजव्यांच्या राइडचं ठरतंय तर ग्रुपवर मेसेज पडला की यापुढे फक्त बुलेट. कारण काय, तर रांग एका आवाजात चालली पाहिजे. एकाने २०१७ ची ती डॉमिनारची, बुलेटवाल्यांना हत्तीवर दाखवणारी 'हाथी मत पालो'वाली जाहिरात शोधून ग्रुपवर टाकली. म्हणे तुझ्या कंपनीने आमची टिंगल केली होती. ती जाहिरात आली तेव्हा मी शाळेत होतो. दुसरा म्हणाला, गाडी विकून टाक, बुलेट घे, मग ये.

मनाला लागलंय. जुन्या लोकांना विचारायचंय, तुमच्या वेळीही असं होतं का? आणि मी आता करू काय?

येझदीवाले काका, कराड

होतं की! आत्तापेक्षा कडवं होतं. पण त्यामागे कारण होतं, ते सांगतो.

वडिलांचं गॅरेज मी पुढे चालवलं. बुलेट, येझदी, राजदूत, सगळ्यांची इंजिनं या हातांनी उघडलीत. तेव्हा कंपनी बदलणं म्हणजे गाडी नव्याने शिकणं. बुलेटचा गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात, पहिला वर आणि बाकीचे खाली. येझदीचं बरोबर उलटं, गिअर डावीकडे. त्यात गिअरचा आणि किकचा दांडा एकच, आत ढकलून वर फिरवला की त्याचीच किक. बुलेटवाला येझदीवर बसला की गिअर टाकायला म्हणून उजवा पाय दाबायचा आणि गाडी जागच्या जागी थांबायची. म्हणून कुणी कुणाला गाडी देत नसे.

किकचंही तसंच. बुलेटला आधी किक हळूहळू दाबायची, अँमीटरचा (करंट दाखवणारा) काटा मध्यावर आला की डिकॉम्प्रेशनचा, म्हणजे इंजिनातला दाब सोडायचा, खटका ओढून पिस्टन जरासा पुढे काढायचा, मग खटका सोडून, किक वर घेऊन, सगळं वजन टाकून एक लांब किक. ठिणगीचं टायमिंग पुढे असलं तर किक उलटी यायची, घोटा नाहीतर नडगी सुजायची. येझदी अर्ध्या किकेत चालू. यावर चहाच्या गाड्यावर तासन् तास वाद.

आणि घाट! कुंभार्ली उतरताना बुलेटवाला दुसऱ्या गिअरात ॲक्सिलरेटर सोडून निवांत, इंजिन गाडीला धरून ठेवायचं. येझदी टू-स्ट्रोक, ती तेवढी धरत नाही. शिवाय ऑइल पेट्रोलमधूनच येणार. ॲक्सिलरेटर बंद ठेवून लांब उतार उतरलात तर इंजिन कोरडं पडतं, म्हणून अधूनमधून थोडं पेट्रोल द्यावंच लागायचं. बुलेटवाले म्हणायचे, तुमची गाडी पळते, थांबत नाही. आम्ही म्हणायचो, तुमची क्लच केबल तुटली की तुम्ही ढकलत जाणार. येझदीत गिअरचा दांडा दाबला की क्लच आपोआप सुटतो, केबल नसली तरी घरी येता येतं. हा वाद खरा होता, कारण फरक खरा होता.

मिस्त्रीही वाटलेले. बुलेटचा मिस्त्री येझदीला हात लावत नसे. माणसं जितकी कंपनीशी बांधलेली, तितकीच मिस्त्रीशी. १९९६ ला येझदीचा म्हैसूरचा कारखाना बंद झाला, तरी आमच्या येझद्या चालत राहिल्या त्या मिस्त्रींच्या जिवावर.

आता सगळ्यांचे गिअर डावीकडे, सगळ्यांना सेल्फ. एनफिल्ड १९९४ पासून आयशर कंपनीची. जावा, म्हणजे येझदीचं आधीचं नाव, २०१८ ला परत आली ती महिंद्राच्या पाठबळावर, तिचं इंजिनही आता फोर-स्ट्रोक. विलायती ट्रायम्फची ४०० तर बजाजच्याच चाकणच्या कारखान्यात बनते. उद्या तुमच्यातल्या कुणी ती घेतली तर तो कुठल्या बाजूचा? आवाजासाठी दोस्त तोडायचा हे मला अजिबात पटत नाही.

एक मात्र विचारतो. क्लासिक ऐंशी-नव्वदला सुखात चालते, तुझी त्याच्या बरीच पुढे. तू पुढे निघून जातोस का? तशी कुणाची तक्रार असेल तर ती ऐकायला हवी.

आकुर्डीची लेक, पिंपरी

काका, घाटाचं वाचून मजा आली. आमच्याकडची निष्ठा वेगळी. पप्पा आकुर्डीला बजाजमध्ये होते. आमच्या सगळ्या लाइनीत दुसऱ्या कंपनीची गाडी दिसायची नाही. कुणी सांगायला लागायचं नाही, ज्या गाडीवर घर चाललंय तीच दारात उभी करायची. २००९ ला कंपनीने स्कूटर बंद करायचं ठरवलं ती बातमी आली, तेव्हा पप्पा बराच वेळ पेपर हातात धरून बसले होते. त्या निष्ठेपुढे मी आजही मान झुकवते.

मी स्वतः क्लासिक ३५० चालवते. घेताना घाबरत घाबरत विचारलं, तर पप्पा म्हणाले, ट्रायल मी घेणार. परत आले आणि ब्रेकबद्दल बोलत राहिले. आता रविवारी चेनला ऑइल तेच घालतात.

घाटवेडा, ज्यांनी आयुष्य त्या कारखान्यात घातलं त्यांनी माझी बुलेट दारात घेतली. तुझ्या मित्रांनी एका जाहिरातीपायी तुला बाहेर काढावं, याचा मला राग आला. गाडी अजिबात विकू नकोस.

घाटवेडा, नाशिक

काका, ताई, मनापासून धन्यवाद. वेगाचं म्हणाल तर मी कायम शेवटी असतो. ग्रुपचा स्वीप मीच. टूलकिट, फर्स्ट एड, टायरचा पंप, सगळं माझ्या सॅडलबॅगमध्ये असतं. मागे कुणी राहिलं की मी थांबतो. म्हणून जास्त लागलं.

येझदीवाले काका, कराड

मग तर प्रश्नच मिटला. आता ग्रुपवर जाहिरातीवरून भांडत बसू नकोस. एवढंच विचार, या राइडला स्वीप कोण? त्यांच्या क्लासिकना स्पोकची चाकं असतील तर आत ट्यूब आहे. भंडारदऱ्याच्या रस्त्यावर रात्री मागचं चाक पंक्चर झालं तर ते काढावं लागणार. ॲक्सलचा पाना कुणाकडे आहे, टायर लिव्हर कुणी घेतलेत, जादा ट्यूब कुणाच्या बॅगेत आहे, हे नावानिशी लिहून मागव. उत्तर काय येतंय ते इथे कळव. आणि त्यांनी नाहीच म्हटलं तर पावसाळा संपल्यावर कराडला ये, कुंभार्ली आपण दोघं उतरू.